अशोकमामांची पद्मश्री आणि त्यामागची पन्नास वर्षं

२०२५ ला अशोक सराफांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा जो तो हेच म्हणत होता, फार उशीर केला राव. उशीर झालाच, पण विनोदी नटाला आपल्याकडे तसंही कोण सिरियसली घेतं.

मुंबईत वाढलेला हा माणूस दिवसा स्टेट बँकेत आणि संध्याकाळी नाटकात, असं जवळपास दहा वर्षं. तेव्हा मराठी सिनेमा म्हणजे बराचसा कोल्हापूर, फेटे, पाटील आणि तमाशाचा फड. त्यात शहरी तोंडवळ्याच्या या पोराने काय करायचं? १९७५ ला दादा कोंडकेंच्या ‘पांडू हवालदार’मध्ये सखाराम हवालदार मिळाला आणि गाडी रुळावर आली. कोल्हापुरात शूटिंगला कॅमेरामनची छोटी मुलगी यायची, ती मामा म्हणायची, मग युनिट म्हणायला लागलं, आता अख्खा महाराष्ट्र म्हणतो.

त्याच सुमारास सरकारने करमणूक कर परत द्यायची स्कीम आणली, म्हणजे पुढचा पिक्चर काढलात की आधीच्यावर भरलेला कर निर्मात्याला परत, त्यामुळे लोक पिक्चर काढत राहिले, आणि कमी पैशात हमखास चालणारा माल कुठला तर कॉमेडी. १९८५ ला महेश कोठारेंचा ‘धूमधडाका’ आला. त्यात मामा खोटे उद्योगपती यदुनाथ जवळकर बनून सुटाबुटात येतात, पाइप ओढतात आणि ठसका लागतो, तो ठसकाच इतका लांबवलाय की पोरं आजही नक्कल करतात. मग १९८८ ला ‘बनवाबनवी’. गावातला सिनेमा पुण्यामुंबईच्या भाड्याच्या खोलीत आला तो या काळात.

पण एकच साचा किती वर्षं चालणार. नव्वदीत घरोघरी केबल आली, ‘माहेरची साडी’ने रडवून गल्ला भरला आणि कॉमेडी मागे पडली. मामा १९९५ ला हिंदीत ‘हम पांच’ ही टीव्ही मालिका करायला गेले, पाच मुलींचा बाप, शिवाय भिंतीवरच्या फ्रेममधून वारलेली पहिली बायको बोलतेय. त्याच वर्षी ‘करण अर्जुन’ या पिक्चरमध्ये मुन्शी. हिंदी पिक्चरवाल्यांनी त्यांना कायम साइड रोलच दिले, हे माझ्या तरी डोक्यात जातं. विनोदापलीकडचे मामा दिसतात तो मराठी ‘चौकट राजा’ बघितलाय का कोणी त्यांच्यापैकी?

मल्टिप्लेक्स आलं, ‘श्वास’नंतर मराठी पिक्चर पुन्हा चर्चेत आला, पण प्राइम टाइमच्या शोसाठी भांडण सुरूच. मामांच्या जुन्या जोडीतले लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, २००४ लाच गेले. मामा मात्र २०२२ च्या ‘वेड’मध्ये रितेश देशमुखचे वडील होऊन आले, आणि २०२४ ला सत्त्याहत्तराव्या वर्षी रोजची मालिका घेतली. नाव ‘अशोक मा. मा.’. पात्राचं आडनाव माजगावकर आहे म्हणे, पण पोस्टरवर लोक काय वाचणार हे चॅनलला बरोबर माहीत होतं.