बोगद्यातली गळती आणि तळलेला बटाटा

तळलेल्या बटाट्यातलं अ‍ॅक्रिलामाइड हे अपायकारक रसायन सापडलं ते एका बोगद्यामुळे. १९९७ साली दक्षिण स्वीडनमधल्या हॉलंडसोस इथे रेल्वेचा बोगदा खणताना पाणी झिरपू नये म्हणून भेगांत रसायन भरलं होतं. ते नीट आळलं नाही आणि त्यातलं अ‍ॅक्रिलामाइड ओढ्यात उतरलं. मासे मेले, गाई लुळ्या पडल्या, काही कामगारांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या.

कामगारांच्या शरीरात ते किती गेलं, हे शोधायला स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी रक्त तपासलं. अ‍ॅक्रिलामाइड हिमोग्लोबिनला चिकटतं आणि तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे रक्ताच्या थेंबात मागच्या चारेक महिन्यांची खूण उरते. तुलनेसाठी बोगद्याकडे न फिरकलेल्या लोकांचंही रक्त घेतलं होतं. घोळ तिथेच झाला, कारण खूण त्यांच्यातही निघाली! सिगारेट ओढणाऱ्यांचं समजू शकतं, धुरात ते असतंच. पण न ओढणाऱ्यांचं काय? मोकळ्यावर चरणाऱ्या जनावरांत तर ती जेमतेम होती. म्हणजे संशय शिजवलेल्या अन्नावर. उंदरांना तळलेलं खाद्य देऊन पाहिलं, तर त्यांच्या रक्तातली खूण कितीतरी वाढली.

२४ एप्रिल २००२ रोजी विद्यापीठाने आणि स्वीडनच्या अन्न प्रशासनाने हे जाहीर केलं. चिप्स आणि फ्राइजमध्ये प्रमाण भरपूर, उकडलेल्या बटाट्यात जवळजवळ शून्य. कारणही त्याच वर्षी उलगडलं. अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल आणि ग्लुकोजसारखी साखर साधारण १२० अंश सेल्सियसच्या वर, कोरड्या उष्णतेत एकत्र आली की ते तयार होतं. पदार्थाला तांबूस रंग आणि खमंग वास देणारी, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेयार यांनी १९१२ मध्ये मांडलेली अभिक्रिया ती हीच. दोष पिष्टमय पदार्थांना दिला जात होता, पण खरी जोडी अ‍ॅस्परॅजिन आणि साखरेची. बटाट्यात दोन्ही असतात.

कर्करोगाचा शिक्का मात्र जुना. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं होतं, मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून. माणसांवरच्या आहार-अभ्यासांतून अजून ठाम चित्र निघालेलं नाही. तरीही युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये चिंता नोंदवली आणि एप्रिल २०१८ पासून युरोपीय संघात उत्पादकांना प्रमाण कमी ठेवण्याची पावलं उचलणं बंधनकारक झालं. बटाट्याच्या चिप्ससाठी किलोमागे ७५० मायक्रोग्रॅम हा आकडा ठरला, पण तो मापदंड आहे, कमाल मर्यादा नव्हे. तो ओलांडला म्हणून माल आपोआप बेकायदा ठरत नाही. उत्पादकाला आपली पद्धत पुन्हा तपासावी लागते.