ताप यायच्या आधीचं रक्त: डासांचे व्हायरस आणि ब्लड बँक, आत्तापर्यंत काय काय घडलं

पावसाळ्यात आपल्याकडे दरवर्षी तेच होतं, डेंग्यू वाढतो, प्लेटलेटसाठी नातेवाईकांची धावपळ सुरू होते, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतात आणि लोक खरंच रक्त द्यायला येतातही. पण येणारा डोनरही त्याच गल्लीत, त्याच डासांमध्ये राहतो. मग डासाचा व्हायरस रक्तातून पेशंटला जाऊ शकतो का? जाऊ शकतो, गेलेला आहे. फक्त जगाला हे नीट कळलं ते डेंग्यूमुळे नाही, वेस्ट नाईल नावाच्या डासांच्याच दुसऱ्या एका व्हायरसमुळे, आणि तेही माणसं दगावल्यावर.

मुळात गोची अशी आहे की ब्लड बँकेकडे दोनच चाळण्या असतात, डोनरला विचारलेले प्रश्न आणि रक्ताच्या टेस्ट. डास चावल्यावर व्हायरस रक्तात वाढतो, डेंग्यूत तर ताप चढायच्या एक-दोन दिवस आधीच तो रक्तात फिरत असतो, आणि बऱ्याच जणांना ताप येतच नाही, वेस्ट नाईलमध्ये 100 पैकी साधारण 80 लोकांना काहीच होत नाही. म्हणजे "ताप आला होता का?" याला डोनर अगदी प्रामाणिकपणे नाही म्हणणार. अँटिबॉडीची टेस्टही तेव्हा फसते कारण अँटिबॉडी अजून तयार झालेल्याच नसतात. व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, थेट पकडणारी टेस्ट लागते, तिला नॅट म्हणतात, आणि ती महाग असते.

वेस्ट नाईल हा 1937 साली युगांडात सापडलेला जुना व्हायरस, पक्षी आणि क्युलेक्स डास यांच्यात फिरणारा. 1999 मध्ये तो अचानक न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये उगवला, पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकाभर पसरत गेला. क्वीन्सच्या साथीवरून काही संशोधकांनी हिशोब मांडला की साथीच्या काळात तिथे दर 10,000 रक्तदानांमागे सरासरी 1.8 मध्ये हा व्हायरस जायची शक्यता होती. तो पेपर छापून यायला 2002 चा ऑगस्ट उजाडला, आणि त्याच महिन्यात हिशोब खरा ठरला. जॉर्जियात अपघातात जखमी झालेल्या एका बाईंना भरपूर रक्त द्यावं लागलं, साठाहून जास्त डोनरचं, तरी त्या वाचल्या नाहीत, घरच्यांनी अवयव दान केले. ज्या चार जणांना ते अवयव बसवले त्या चौघांनाही वेस्ट नाईल झाला, त्यातला एक गेला. मग बाईंचे जपून ठेवलेले नमुने काढून पाहिले तर रक्त चढवण्याआधीच्या नमुन्यात व्हायरस नाही आणि नंतरच्यात आहे. एवढा स्वच्छ पुरावा सहसा मिळत नाही. त्या सीझनला शोध घेतल्यावर रक्तातून लागण झालेले 23 पेशंट सापडले, 16 डोनरकडून.

यानंतर जे झालं त्याचं मला खरंच कौतुक वाटतं. वर्षही उलटायच्या आत, 2003 च्या उन्हाळ्यात, अमेरिकेत सगळ्या रक्ताची नॅट टेस्ट सुरू झाली, आणि त्या पहिल्याच सीझनला व्हायरस असलेल्या 800 हून जास्त पिशव्या बाजूला निघाल्या. तरी सहा पेशंटना लागण झालीच. कारण खर्च वाचवायला 6 किंवा 16 डोनरचे नमुने एकत्र करून तपासत होते, आणि वेस्ट नाईलचा व्हायरस रक्तात इतका थोडा असतो की त्या मिश्रणात तो पातळ होऊन निसटायचा. मग 2004 पासून जिथे साथ असेल तिथे प्रत्येक पिशवी वेगळी तपासायला लागले.

पुढचा धडा 2005-06 मध्ये हिंदी महासागरातल्या रीयुनियन या फ्रान्सच्या बेटावर, चिकनगुनियाचा. पावणेआठ लाखांच्या आसपास वस्ती आणि त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोकांना लागण! हाताशी नॅट नव्हती म्हणून तिथलं रक्तदानच थांबवलं आणि रक्त फ्रान्सहून विमानाने आणलं. पण प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्या एवढ्या लांबून आणून कशा पुरणार, मग त्या बेटावरच गोळा केल्या आणि औषध व अल्ट्राव्हायोलेट प्रकाश वापरून त्यातला व्हायरस निकामी केला. त्याच 2006 साली आपल्याकडे चिकनगुनियाच्या जवळपास 14 लाख संशयित केसेस होत्या, महाराष्ट्रही त्यात होरपळला, आणि आपल्याला रक्त बाहेरून मागवायची सोय कुठली.

झिका या डासांच्याच आणखी एका व्हायरसची गोष्ट उलटी. पॅसिफिकमधल्या फ्रेंच पॉलिनेशिया बेटांवर 2013-14 च्या साथीत 1,505 डोनर तपासले तर 42 जणांच्या रक्तात झिका, आणि रक्त देताना सगळे ठणठणीत. ब्राझीलमध्ये रक्तातून लागण झाल्याचंही दिसलं, म्हणून ऑगस्ट 2016 मध्ये अमेरिकेने देशभर टेस्ट सक्तीची केली. तिथल्या रेडक्रॉसने 43 लाखांवर पिशव्या तपासल्या, झिका पक्का निघाला फक्त 9 मध्ये. साथ ओसरली आणि 2021 मध्ये ती टेस्ट बंदही झाली.

आणि डेंग्यू, जो या सगळ्यांत आपल्या सर्वात जवळचा? हाँगकाँगमध्ये 2002 साली आणि सिंगापूरमध्ये 2007 साली रक्तातून डेंग्यू गेल्याच्या केसेस नोंदल्या गेल्या. सगळ्यात मोलाचं काम मात्र ब्राझीलचं, 2012 च्या साथीत रिओ आणि रेसिफेला डोनरचे नमुने जपून ठेवून नंतर तपासले, तेव्हा दर हजारी 5 ते 8 रक्तदानांत व्हायरस निघाला, आणि ज्यांना डेंग्यू होऊ शकत होता अशा पेशंटना तसं रक्त गेल्यावर साधारण तिघांत एकाला लागण झाली. पण ते पेशंट इतरांपेक्षा जास्त आजारी पडलेले दिसले नाहीत. हे दिलासा देणारं आहे हे खरं, पण तो अभ्यास छोटा होता आणि त्यावर विसंबून गप्प बसणं मला पटत नाही, विशेषतः थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या मुलांचा विचार केला की, त्यांना दर दोन-चार आठवड्यांनी कुणाचं तरी रक्त घ्यावंच लागतं.

आपल्याकडे प्रत्येक पिशवीच्या पाच टेस्ट सक्तीच्या आहेत, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. डेंग्यू-चिकनगुनिया त्यात नाहीत. ज्याला ते होऊन गेलेत त्याने पूर्ण बरं झाल्यावर सहा महिने रक्त द्यायचं नाही असा नियम आहे, पण तो ज्याला आजार कळला त्याच्यापुरताच. शिवाय रक्त घेतलेल्या पेशंटला आठवड्याने डेंग्यू झाला तर सगळे म्हणणार वॉर्डातला डास चावला असेल, आणि डोनरचा जपलेला नमुना कुणी काढून बघितला नाही तर दुसरं काही सिद्धही होत नाही. त्यामुळे इथे आकडेच उभे राहत नाहीत, आणि आकडे नाहीत म्हणून टेस्टचा विषयही पुढे सरकत नाही.

सध्या उरतो तो डोनरचा फोन. रक्त दिल्यावर दोन-तीन दिवसांत ताप आला आणि त्याने ब्लड बँकेला लगेच कळवलं तर त्याच्या पिशव्या थांबवता येतात. प्लेटलेट तोवर बहुतेक कुणाला तरी चढलेल्या असतात, पण लाल पेशींची पिशवी महिनाभराहून जास्त टिकते, ती अजून फ्रीजमध्येच असायची शक्यता बरीच असते.