सुटलेलं कॉलेज आणि परतीची वाट: मनोविकार असलेल्या प्रौढांच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

शाळा-कॉलेजपासून दूर राहिलेल्यांना शिक्षणात आणण्याचं काम सातारा जिल्ह्याला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. ‘कमवा आणि शिका’ योजनेतून कितीतरी गरीब मुलं पदवीपर्यंत पोचली. पुढे १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या नावाने मुक्त विद्यापीठ निघालं आणि नोकरदारांना, गृहिणींना पुन्हा पुस्तक हातात घेता आलं. मनाच्या आजारामुळे कॉलेज सुटलेल्यांचा स्वतंत्र विचार मात्र फार उशिरा सुरू झाला.

स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होण्याचा आजार) किंवा बायपोलर आजार (मनःस्थितीत टोकाचे चढउतार होण्याचा आजार) बऱ्याचदा सतराव्या-अठराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत डोकं वर काढतो. म्हणजे नेमक्या बारावी ते पदवीच्या काळात. आधी हजेरी कमी पडते, मग पेपर राहतात, वर्ष जातं. पुढे गोळ्यांनी माणूस सावरतो, पण तोवर बरोबरीची मुलं नोकरीला लागलेली असतात.

आपली व्यवस्था त्याच्याकडे रुग्ण म्हणूनच पाहत राहिली. मनोरुग्णांविषयीचा १९१२ चा कायदा त्याला वेडा ठरवून कोंडण्यापुरता होता. त्या काळी इथल्या माणसाला येरवड्याचं किंवा रत्नागिरीचं मनोरुग्णालय गाठावं लागे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचा भरही रुग्णालयातल्या भरतीवर आणि सुटकेवरच राहिला. १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने टप्प्याटप्प्याने उपचार जवळ आणले, हे मोठंच काम. पण घरात ‘बरा झाला’ याचा अर्थ कामाला लागला किंवा लग्न झालं, एवढाच राहिला. तुला पुढे शिकायचंय का, हे कुणी विचारलं नाही.

हा प्रश्न अमेरिकेत बोस्टन विद्यापीठाच्या मनोसामाजिक पुनर्वसन केंद्राने १९८० च्या दशकात विचारला. अभ्यासक्रम निवडायला मदत, प्रवेश मिळवायला मदत आणि टिकून राहायला मदत, अशी त्यांची पद्धत होती. माझ्या मते तिसरी मदत सगळ्यात महत्त्वाची, आणि आपल्याकडे तीच नाही. मुक्त विद्यापीठ सोयीचं आहे, पण आधीच एकटा पडलेला माणूस घरी बसून एकट्यानेच स्वाध्याय लिहीत राहिला, तर त्याला सोबत कुठून मिळणार?

कायद्याने मात्र दार उघडलंय. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात मानसिक आजार अपंगत्व म्हणून आला. त्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या कायद्याने ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सवलत दिली. प्रौढ शिक्षणात बरोबरीच्या सहभागाची जबाबदारी सरकारवर टाकली. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मानसिक आजाराने आलेलं अपंगत्व मोजणाऱ्या ‘आयडियाज’ मोजपट्टीत स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि काम यांचे गुण धरतात, आणि ‘काम’ या सदरात शिक्षणही येतं.

अडतं ते कॉलेजच्या खिडकीशी. तिथे गॅप सर्टिफिकेट, म्हणजे शिक्षणात खंड पडल्याचा दाखला, मागतात आणि खंडाचं कारण विचारतात. आजाराचं नाव लिहिलं तर लोक काय म्हणतील या धास्तीने ‘घरगुती अडचण’ असं लिहिलं जातं, आणि मग परीक्षेत जादा वेळ किंवा हजेरीत सूट मागायची सोयच राहत नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने पहिल्या वर्षानंतर थांबणाऱ्याला प्रमाणपत्र आणि साठवलेली क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक) घेऊन परत येण्याची मुभा दिली. ती नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना उपयोगी पडेल. वीस वर्षांपूर्वी एस.वाय.ला कॉलेज सुटलेल्यांच्या खात्यावर मात्र असं काहीच जमा नाही.