काक्रापारच्या देखभालीचे कागद बडोद्यातून कसे मागवायचे: माहिती अधिकाराचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

शेजारच्या वहिनींनी मला एक अर्ज तपासायला दिला. त्यांचा भाऊ काक्रापारजवळच्या व्याऱ्याला असतो, त्यामुळे काक्रापारच्या अणुवीज केंद्राची काही बातमी आली की त्यांचा जीव खाली-वर होतो. अर्जात तीन प्रश्न होते. बिघाड का झाला? जबाबदार कोण? देखभाल नीट होत होती का? मी म्हटलं, "वहिनी, तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि तिन्हींना एकच उत्तर येईल, की ही माहिती कायद्याच्या व्याख्येत बसत नाही." त्या वैतागल्या. "मग विचारायचं तरी काय, भाऊजी?"

विचारायचं नाही, मागायचं. मी अणुवीज केंद्रात कधी काम केलेलं नाही, पण इथल्याच एका रसायन कारखान्यात मेंटेनन्स प्लॅनिंगच्या टेबलावर उमेदीची वर्षं घालवली. पंप असो की उष्णता-विनिमयक, त्याचं काय झालं हे सांगणारा कागद कुठल्या ना कुठल्या रजिस्टरमध्ये असतो आणि त्या कागदाला नाव असतं. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम २(फ) मध्ये 'माहिती'ची जी यादी दिली आहे त्यात अहवाल, परिपत्रकं, करार आणि चक्क लॉगबुक हा शब्द आहे. म्हणजे शिफ्टचं लॉगबुक मागणं हा काही आगाऊपणा नव्हे, कायद्यानेच त्याचं नाव घेतलं आहे. उलट, कार्यालयात नसलेली माहिती तयार करून द्यायला किंवा मत, खुलासा, कारणमीमांसा लिहून द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हे स्पष्ट केलं. 'का' विचारलंत की अधिकाऱ्याला सुटायला वाट मिळते. 'अमुक चौकशी अहवालाची प्रत द्या' म्हटलंत की ती वाट बंद होते, कारण अहवाल एक तर असतो, नाही तर नसतो.

आधी कुठला भाग, ते ठरवा

इथे बहुतेक अर्ज गडबडतात, म्हणून जरा थांबून बोलतो. काक्रापारचंच उदाहरण घ्या. ११ मार्च २०१६ ला सकाळी नऊच्या सुमारास २२० मेगावॅटच्या पहिल्या युनिटमध्ये भट्टी थंड ठेवणाऱ्या जड पाण्याची गळती झाली. युनिट आपोआप बंद पडलं, केंद्रात आणीबाणी जाहीर झाली आणि ती २१ मार्चला उठवली. आण्विक घटनांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही घटना पहिल्या, म्हणजे सर्वांत सौम्य पातळीची ठरली. फुटली होती ती शीतक वाहिनीतली दाबनळी. या अणुभट्टीत अशा ३०६ वाहिन्या असतात आणि इंधन त्यांच्या आत बसतं. यात माझ्यासारख्याला खटकणारी गोष्ट अशी, की या युनिटच्या सगळ्या नळ्या बदलून ते २०११ मध्ये पुन्हा सुरू झालं होतं. पाच वर्षांची नळी फुटावी? नळीचं हिस्टरी कार्ड, म्हणजे तिच्या देखभालीच्या नोंदींचं कार्ड, पाहिलं तर ती जवळजवळ कोरी करकरीत निघेल.

पुढच्या तपासात नळीच्या बाहेरच्या अंगावर ठिकठिकाणी गंजाच्या गाठी सापडल्या. आत जड पाणी वाहतं, बाहेरून मात्र नळीला लागून कार्बन डायऑक्साइड फिरत असतो. तो मुद्दामच फिरवतात. नळीतून थेंबभर जरी पाझरलं तरी वायूतला ओलावा वाढतो आणि गळतीची चाहूल लागते. रोग होता त्या वायूतल्या अशुद्धतेत. पहारेकऱ्यानेच घर पोखरावं तसा प्रकार. तेव्हा 'दाबनळीच्या देखभालीची माहिती द्या' एवढंच कोणी मागितलं असतं तर उत्तर खरं आलं असतं आणि उपयोग शून्य झाला असता. जो भाग बिघडला त्याच्यासोबत त्याला टेकून चालणाऱ्या व्यवस्थेचे कागद मागा. इथे ते म्हणजे वायूचा दवबिंदू, म्हणजे त्यातला ओलावा, मोजल्याच्या नोंदी, मोजणारं यंत्र बरोबर मोजतं हे तपासल्याचे, म्हणजे कॅलिब्रेशनचे दाखले आणि पुरवठादाराकडून आलेल्या वायूचे शुद्धता-तपासणी दाखले.

नेहमी उपयोगी पडणारे कागद म्हणाल तर यंत्राचं हिस्टरी कार्ड, प्रतिबंधक देखभालीचं वेळापत्रक आणि ते पाळलं की पुढे ढकललं याची नोंद, वर्क परमिट, सेवेत असतानाच्या तपासणीचे अहवाल, शिफ्ट लॉगबुक, बदललेल्या सुट्या भागांच्या स्टोअरच्या नोंदी. यातली 'पुढे ढकललं' ही नोंद सोन्यासारखी. काम वेळेवर झालं नाही, हे कारखाना स्वतःच्या हाताने तिथेच लिहून ठेवतो.

दोन दारं आहेत

केंद्र चालवतं न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशन, म्हणजे एनपीसीआयएल हे सरकारी महामंडळ. त्याच्यावर नजर ठेवतं १९८३ साली स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ, एईआरबी. दोघांची मुख्यालयं मुंबईत अणुशक्तीनगरला. कार्डं, परमिट, लॉगबुक महामंडळाकडे मिळतील. केंद्राने मंडळाला कळवलेला घटनेचा अहवाल, मंडळाचे तपासणी-शेरे आणि युनिट पुन्हा सुरू करायला दिलेली परवानगी मात्र मंडळाकडे. मी दोन स्वतंत्र अर्ज करायला सांगतो. दोन्हीकडून आलेल्या तारखा शेजारी ठेवल्या की पुष्कळ काही कळतं. अर्ज चुकीच्या दारात गेलाच, तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. मंडळाचे वार्षिक अहवाल संकेतस्थळावर फुकट मिळतात, ते आधी वाचा. जे उघड्यावर ठेवलं आहे ते मागण्यात महिना का घालवायचा?

कोण करू शकतं आणि कुठल्या भाषेत

भारताचा कुठलाही नागरिक. केंद्राजवळ राहायला हवं, शेतजमीन हवी, नुकसान झालेलं हवं, असं काही नाही. माहिती कशाला हवी हे सांगायचं नाही आणि त्यांनीही विचारायचं नाही, कलम ६(२) तसं म्हणतं. अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर करू नका. अधिकार नागरिकाला आहे, तेव्हा संस्थेच्या चिटणिसाने स्वतःच्या नावाने करावा.

भाषेची मात्र आपल्या बडोदेकरांना एक गंमत आहे. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा अर्ज जिथे करता त्या भागाच्या राजभाषेत चालतो. सयाजीराव महाराजांच्या गावात घरोघरी मराठी असली तरी इथली राजभाषा ती नाही. अर्ज वाचणारा मुंबईत मराठीच बोलत असेल हा भाग वेगळा, पण त्या भरवशावर राहू नका. हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. वहिनींनी गुजरातीत लिहिला होता, तोही चालला असता. पण तांत्रिक शब्दांचा भाषांतरात चुथडा होतो, म्हणून यंत्रांची नावं मी इंग्रजीतली जशीच्या तशी ठेवायला लावली.

फी आणि कागदपत्रं

फी दहा रुपये. रावपुऱ्याच्या मोठ्या पोस्टातून दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर घ्या आणि ती त्या कार्यालयाच्या लेखा अधिकाऱ्याच्या नावे भरा. कोरी पाठवू नका आणि तिचा नंबर अर्जात लिहा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, दाखल्याची प्रत मात्र जोडावी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा खिडकीवर 'रजिस्टर्ड'साठी हुज्जत घालू नका. स्पीड पोस्टने पाठवा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा. त्या पावतीवरची शाई दोन महिन्यांत उडते आणि अपिलाच्या वेळी हातात कोरा कागद उरतो. हा स्वानुभव.

घरबसल्या करायचं असेल तर केंद्र सरकारच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर एनपीसीआयएल आणि एईआरबी दोन्ही आहेत. मजकुराच्या चौकटीत तीन हजार अक्षरं मावतात, जास्त असेल तर पीडीएफ जोडता येते. कागदी अर्जाला पाचशे शब्दांची मर्यादा आहे. ती ओलांडली एवढ्याच कारणाने अर्ज फेटाळता येत नाही, पण पाचशेत न मावणारा अर्ज बहुधा नेमका नसतोच.

वहिनींचा अर्ज शेवटी असा झाला, मराठीत सांगतो: "दिनांक अमुक ते अमुक या काळातील, युनिट क्रमांक अमुकच्या अमुक यंत्राचे हिस्टरी कार्ड, त्या यंत्राच्या ठरलेल्या देखभालीचे वेळापत्रक व पुढे ढकललेल्या कामांच्या नोंदी, मोजणी-उपकरणांचे त्या काळातील कॅलिब्रेशन दाखले, बिघाडानंतरच्या चौकशी अहवालाची प्रत. यातील जो भाग देता येत नसेल तो कलम १० प्रमाणे झाकून उरलेला द्यावा. मूळ नोंदींची पाहणी करू द्यावी." काळ दोन-तीन वर्षांचाच ठेवा. 'स्थापनेपासून आजपर्यंत' लिहिलंत तर 'माहिती प्रचंड आहे, येऊन पाहा' असं पत्र हमखास येतं.

नकार कुठून येईल

उत्तराची मुदत तीस दिवस. अणुवीज म्हटल्यावर पहिला आडोसा कलम ८(१)(अ) चा, म्हणजे देशाची सुरक्षा आणि सामरिक, वैज्ञानिक हितसंबंध. शिवाय अणुऊर्जेच्या कायद्यात गुप्ततेच्या वेगळ्या तरतुदी आहेतच. म्हणून इंधनाचा साठा, पहाऱ्याची व्यवस्था, इमारतीचे नकाशे यांच्या वाटेला जाऊ नका. अशी एक ओळ अर्जात शिरली की बाकीच्या निरुपद्रवी ओळीही तिच्याबरोबर बुडतात. पुरवठादाराचं डिझाइन मागितलं तर व्यापारी गुपिताचं कलम ८(१)(ड) पुढे येतं, तेव्हा डिझाइन नको, तपासणीचा निकाल मागा. फिटरचं नाव नको, हुद्दा पुरे. त्या बिचाऱ्या फिटरला गोत्यात आणून आपल्याला काय मिळणार?

'चौकशी चालू आहे' हे कलम ८(१)(ह) चं उत्तरही येतं. चौकशी चालू आहे एवढं म्हणून भागत नाही, माहिती दिल्याने तिला अडथळा कसा येईल हे दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने भगत सिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या खटल्यात २००७ साली सांगितलं. अपिलात हा दाखला जरूर लिहा. तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या बाबतीत केंद्रीय माहिती आयोगाने २०१२ मध्ये सुरक्षा विश्लेषण अहवाल द्यायचा आदेश काढला होता, तरी महामंडळ उच्च न्यायालयात गेलं. मोठा अहवाल मागाल तर लढाई मोठी होते. मी कार्डं आणि दाखल्यांवर भर देतो तो यासाठीच.

पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून तीस दिवसांत. दुसरं नवी दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे, नव्वद दिवसांत. दोन्हींना फी नाही. दुसऱ्या अपिलाला मूळ अर्ज, आलेलं उत्तर, पहिलं अपील आणि त्यावरचा आदेश यांच्या प्रती, दुसऱ्या कोणाच्या सहीशिक्क्याने नव्हे तर स्वतः साक्षांकित केलेल्या, आणि वर अनुक्रमणिका लागते. अनुक्रमणिका नसली की फाइल परत येते.

पाहणीला बोलावलं तर

अर्जातली शेवटची ओळ, मूळ नोंदींच्या पाहणीची, कोणी सहसा लिहीत नाही. कलम २(ज) तो हक्क देतं. पहिला तास मोफत, पुढे दर तासाला पाच रुपये, आणि प्रत हवी असेल तर पानाला दोन रुपये. भट्टी कोणी दाखवणार नाही, एका टेबलाशी बसवून फाइल पुढे ठेवतील. मोबाइल बाहेर ठेवावा लागेल असं धरूनच चला, वही-पेन्सिल न्या.

झेरॉक्समध्ये न दिसणारं मूळ कागदावर दिसतं. आमच्या कारखान्यात एका पंपाचं बेअरिंग गेलं तेव्हा साहेबांनी कार्ड मागवलं. तेरा महिन्यांच्या ग्रीसिंगच्या नोंदी, दर महिन्याच्या पाच तारखेला, एकही चूक नाही. मी कार्ड खिडकीपाशी नेलं. तेराही ओळी एकाच निळ्या पेनाच्या, अक्षराचा कलही तोच, आणि अकराव्या ओळीपासून पेन सुकत गेलेलं. दोन पाच तारखा तर रविवारच्या होत्या आणि आमचं ग्रीसिंग रविवारी बंद असायचं. कार्डावर कुठेही चहाचा डाग नाही, तेलाचं बोट नाही. यंत्राजवळ लटकलेलं कार्ड इतकं स्वच्छ राहत नाही.

वहिनींना मी पेन्सिलीबरोबर त्या वर्षांचं कालनिर्णयही न्यायला सांगितलं आहे.