गोवर लसीकरण मोहिमेनंतर सामूहिक प्रतिकारशक्तीचे मापन

गोवराची सामूहिक लसीकरण मोहीम आटोपल्यावर त्या भागातल्या किती मुलांच्या अंगी रोगाविरुद्ध खरोखर प्रतिकारशक्ती आली, हे रक्ताचे नमुने तपासून ठरवण्याची पद्धत. करोनाच्या साथीत घरोघरी माहीत झालेले ‘सेरो सर्वेक्षण’ ते हेच.

किती डोस दिले याचा हिशेब आरोग्य खात्याकडे असतोच. भारतातल्या गोवर-रुबेला मोहिमेत लस घेतलेल्या मुलाच्या डाव्या अंगठ्यावर मार्करने खूण करत. त्या खुणेवरून सुई टोचली एवढेच कळते, लस लागू झाली की नाही ते कळत नाही. नवव्या महिन्यात दिलेला डोस साधारण ८५ टक्के बाळांनाच लागू होतो. आईकडून आलेली प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिने, अँटीबॉडी) काही बाळांच्या रक्तात तोवर शिल्लक असतात आणि लसीतल्या विषाणूला वाढू देत नाहीत. म्हणजे १०० पैकी ९० बाळांना त्या वयात एकच डोस मिळाला, तर संरक्षण मिळते जेमतेम ७६-७७ जणांना. गोवराला एवढी फट पुष्कळ झाली. कोणाच्याच अंगी प्रतिकारशक्ती नसेल तर एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होते, म्हणून साथ रोखायला ९२ ते ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात.

सर्वेक्षणासाठी गावे आणि शहरी प्रभाग चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडतात, तिथल्या घरांची यादी करतात आणि पालकांची संमती घेऊन मुलांचे रक्त घेतात. शिरेतून रक्त काढणे शक्य नसेल तिथे बोटाला टोचून आलेले थेंब फिल्टर पेपरवर टिपतात. कागद नीट सुकवून, ओल शोषणाऱ्या पुडीसह पाकिटात बंद करून प्रयोगशाळेत जातो. तिथे एलायझा या रक्तचाचणीने आयजीजी, म्हणजे दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे मोजतात. मिलिलिटरमागे १२० मिली-आंतरराष्ट्रीय एकके ही संरक्षणाची प्रचलित सीमारेषा आहे. या रेषेच्या आसपासचे निकाल जपून वाचावे लागतात, कारण प्रतिपिंडे कमी दिसली तरी रोगाशी लढणाऱ्या पेशींची त्या विषाणूची स्मृती शाबूत असू शकते. प्रतिपिंडे लसीमुळे आली की गोवर होऊन गेल्यामुळे, हेही ही चाचणी सांगत नाही. त्यामुळे केवळ मोहिमेनंतर रक्त तपासून मोहिमेचे श्रेय ठरवता येत नाही. आधीचे मापनही हाताशी हवे.

भारतात असे आधीचे आणि नंतरचे मापन झाले आहे. ९ महिने ते १५ वर्षांखालील सुमारे ४१ कोटी मुलांसाठीची गोवर-रुबेला मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये गोव्यासह पाच राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली. महाराष्ट्रात ती २७ नोव्हेंबर २०१८ ला आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चेन्नईतील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने पालघर, कानपूर नगर, होशियारपूर आणि दिब्रुगड या चार जिल्ह्यांत मोहिमेपूर्वी व नंतर घरोघरी नमुने घेतले. प्रतिपिंडे असलेल्या मुलांचे प्रमाण मोहिमेनंतर वाढलेले आढळले.

जिल्ह्याची सरासरी मात्र अर्धीच गोष्ट सांगते. मोहिमेतले बरेचसे डोस आधीच लस मिळालेल्या मुलांना जातात; नियमित लसीकरणात जी सुटतात, तीच पुन्हा सुटण्याचा संभव असतो: वीटभट्टीवरची, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची, दर काही महिन्यांनी खोली बदलणाऱ्यांची. ही मुले विखुरलेली नसतात, एकाच वस्तीत दाटीने राहतात. ९५ टक्क्यांच्या जिल्ह्यातही मग ७० टक्क्यांची वस्ती असू शकते, आणि गोवर नेमका तिथे शिरतो. सर्वेक्षणाची यादी करताना अशी घरे निसटली, तर निकाल खऱ्याहून चांगला दिसतो. या कामातली सर्वांत घातक चूक हीच.

दुसरी नजर वयावर ठेवावी लागते. मोहीम संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून जन्मणारी मुले तिच्या कक्षेबाहेर असतात. करोनाकाळात नियमित लसीकरण विस्कळीत झाले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसह दाटीच्या वस्त्यांत, तसेच भिवंडी व मालेगावात गोवराचा उद्रेक झाला. तेव्हा चार वर्षांखालच्या कोणत्याही मुलाला २०१८ च्या मोहिमेचा डोस मिळालेला असणे शक्यच नव्हते. म्हणून वयोगटवार निकालांवरून असुरक्षित मुलांची बेरीज मांडतात. ती एका वर्षात जन्मणाऱ्या बाळांच्या संख्येजवळ पोहोचण्याआधी पुढची मोहीम घ्यावी, असा प्रघात आहे; नियमित लसीकरण जेवढे दुबळे, तेवढी ही वेळ लवकर येते, बहुधा दोन ते चार वर्षांत.