अनोळखी बिटला ‘नाही’ म्हणणारा कर्नल

फाइल उघडायची असो की नेटवर्कवरून काही मागवायचं असो, कोणत्याही प्रोग्रामला ते परस्पर करता येत नाही. त्याला कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, विनंती करावी लागते. या विनंतीला सिस्टिम कॉल म्हणतात. ६४ बिटी इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये एका रजिस्टरात (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण-जागेत) विनंतीचा क्रमांक ठेवतात (वाचायचं असेल तर ०, लिहायचं असेल तर १, फाइल उघडायची तर २). तपशील आणखी जास्तीत जास्त सहा रजिस्टरांत भरतात आणि प्रोसेसरची ‘सिसकॉल’ ही सूचना चालवतात. पुढचं काम कर्नलचं.

नवा सिस्टिम कॉल लिहिणं फारसं अवघड नसतं. कस लागतो तो त्याचा आराखडा ठरवताना, कारण एकदा लोक तो वापरू लागले की बदलता येत नाही. जुने प्रोग्राम नव्या कर्नलवर चाललेच पाहिजेत, याबाबत लिनक्सवाले फार कडक आहेत. मला तो कडकपणा रास्तच वाटतो.

पण मग नव्या गरजांचं काय? त्यासाठी फ्लॅग असतात: एका आकड्यातला प्रत्येक बिट, म्हणजे ० किंवा १ असलेलं एकेक स्थान, हा एकेक पर्याय. २००८ साली ‘पाइप२’, ‘डुप३’ असे कॉल आणावे लागले, कारण मूळ ‘पाइप’ आणि ‘डुप२’ यांत फ्लॅगला जागाच नव्हती. फाइल उघडणाऱ्या ‘ओपन’मध्ये ती होती, पण तिथे दुसरीच चूक झाली होती. ओळखीचा नसलेला बिट दिसला तर ‘ओपन’ त्याकडे मुकाट्याने दुर्लक्ष करतो.

वरवर हा समजूतदारपणा वाटतो, प्रत्यक्षात तो घातक आहे. समजा, सुरक्षिततेसाठी नवा फ्लॅग आला आणि प्रोग्राम जुन्या कर्नलवर चालला. फाइल उघडते, त्रुटी येत नाही, आणि मागितलेलं संरक्षण मात्र मिळालेलंच नसतं. शिवाय एखादा जुना प्रोग्राम त्याच बिटमध्ये कचरा पाठवत असेल, तर उद्या त्या बिटला अर्थ दिल्याबरोबर तो मोडतो.

२०१३ मध्ये बिननावाच्या तात्पुरत्या फाइलसाठी फ्लॅग हवा होता, तेव्हा एक नामी युक्ती काढली गेली. नव्या फ्लॅगमध्ये ‘ही डिरेक्टरीच (फोल्डरच) असली पाहिजे’ हा जुना बिटही गुंफला आणि फाइल लिहिण्यासाठी उघडण्याची सक्ती केली. जुन्या कर्नलला नवा बिट कळत नाही, पण डिरेक्टरी लिहिण्यासाठी उघडता येत नाही हे पक्कं ठाऊक असतं. तो त्रुटी देतो आणि प्रोग्रामला खरी परिस्थिती समजते. हुशारी खरीच, पण अशी कसरत दर वेळी कोण करणार?

म्हणून २०२० मध्ये लिनक्स ५.६ बरोबर ‘ओपनॅट२’ आला. अनोळखी बिट दिसला की तो सरळ नकार देतो. सगळे पर्याय एका स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे ठरलेल्या क्रमाने मांडलेल्या नोंदींच्या गठ्ठ्यात, जातात आणि त्याचा आकारही प्रोग्रामच सांगतो. सुरुवातीला तो २४ बाइट होता. उद्या स्ट्रक्चर वाढलं आणि जुन्या प्रोग्रामने छोटं पाठवलं, तर उरलेली जागा शून्य आहे असं कर्नल धरून चालतो. उलट नव्या प्रोग्रामने जुन्या कर्नलला मोठं पाठवलं, तर जास्तीचे बाइट तपासले जातात: सगळे शून्य असतील तर काम पुढे जातं, नाहीतर ‘हे फार मोठं आहे’ अशी त्रुटी. त्यामुळे यापुढे या स्ट्रक्चरमध्ये जी नवी नोंद येईल, तिच्यातल्या शून्याचा अर्थ एकच ठेवावा लागेल: पूर्वीसारखंच वाग.