मॅथ्सचे सर आणि स्टॅट्सचे सर

महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावी-बारावीत विषयाचं नावच ‘मॅथेमॅटिक्स अँड स्टॅटिस्टिक्स’ आहे. त्यामुळे सीनियर कॉलेजात गणिताचा विभाग वेगळा आणि संख्याशास्त्राचा वेगळा, हे पालकांना पटकन पचत नाही. नात्यागोत्यात तर दोन्ही प्राध्यापक ‘मॅथ्सचे सर’च.

गोंधळाला नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षाही हातभार लावतात. सीएसआयआर-यूजीसी नेटला दोघांसाठी ‘मॅथेमॅटिकल सायन्सेस’ हा एकच पेपर असतो: तीन तास, 200 गुण. अभ्यासक्रमाचे चार भाग. पहिला, म्हणजे अ‍ॅनॅलिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा, दोघांनाही चुकत नाही. पुढे गणितवाल्यांनी दुसरा-तिसरा भाग करायचा, स्टॅट्सवाल्यांनी चौथा. खरी कसोटी प्रश्नपत्रिकेच्या शेवटच्या विभागात, पार्ट सीमध्ये. 60 पैकी 20 प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी 4.75 गुण, एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे अचूक टिपले तरच गुण. सेटलाही (आपल्याकडे ती महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं) विषय एकच. मग जागा कुठल्या विषयाची मिळणार, हे ठरतं कशावर? मुख्यतः एम.एस्सी. कशात केलं त्यावर. पोरं हे उशिरा लक्षात घेतात.

पगारात फरक नाही. सहायक प्राध्यापक म्हणून कायम झालात की वेतनाची लेव्हल 10, महिन्याला मूळ वेतन 57,700 पासून, आठवड्याला 16 तास शिकवणं. कायम होण्याआधी तासिका तत्त्वावर झिजणंही दोघांच्या वाट्याला सारखंच.

फरक दिसतो तो फळ्यावर. नाणं दहा वेळा उडवलं. गणिताचे सर विचारतात, नाणं समतोल आहे असं धरलं, तर आठ किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता किती? 45 अधिक 10 अधिक 1, म्हणजे 56 भागिले 1024, साधारण साडेपाच टक्के. उत्तर आलं, खाली दोन रेघा, विषय संपला. स्टॅट्सचे सर उलट्या टोकाने येतात. आठ छापे पडलेले समोर आहेत. आता सांगा, नाणं समतोल मानायचं का? आकडा तोच साडेपाच टक्के, पण आता तो उत्तर नसून पुरावा आहे. शक्यता पाच टक्क्यांच्या खाली आली तरच नाणं खोटं म्हणायचं, अशी रेघ आधी आखली असेल, तर इथे ‘खोटं आहे’ म्हणता येत नाही. नऊ छापे पडले असते, तर शक्यता एक टक्क्याच्या आसपास आली असती आणि निकाल फिरला असता. आणि समतोल नाही म्हणजे नेमकं काय, छापेच जास्त पडतात की काटेही चालतील, हे आधी न ठरवता गणित मांडलं तर सगळंच फिसकटतं. सिद्धतेची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला हे ‘म्हणता येत नाही’ फार खुपतं.

स्टॅट्सच्या सरांना आणखी एक काम असतं, जे वर्कलोडमध्ये कुठेच धरलं जात नाही. प्राणिशास्त्र, मानसशास्त्र, कॉमर्स, सगळीकडचे पीएच.डी.वाले एक्सेलची फाइल घेऊन दारात उभे. सगळा डेटा गोळा करून झाल्यावर विचारतात, ‘सर, सॅम्पल किती घ्यायला हवं होतं?’ गणिताच्या सरांकडे असं कुणी फिरकत नाही. टोपॉलॉजीचा (शुद्ध गणिताची एक शाखा) प्रश्न घेऊन शेजारचा विभाग येत नसतो. माझ्या मते ही शांतता मोठी सवलत आहे, आणि थोडा एकटेपणाही.

अर्थात भिंत कायमची नव्हे. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते आणि जुन्या नाण्यांची वजनं करून त्यांना संख्याशास्त्र लावत होते. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा राहिला तो 1953मध्ये, व. शं. हुजूरबाजारांच्या हातून.

नोकरी सोडायची वेळ आली, तर मात्र पारडं एका बाजूला झुकतं. औषध कंपन्यांच्या क्लिनिकल ट्रायल्स, विमा, बँकांचं रिस्कचं काम, तिथे संख्याशास्त्राची एम.एस्सी. थेट चालते. शुद्ध गणितवाल्याला आधी प्रोग्रॅमिंग आणि बहुतेकदा संख्याशास्त्रच नव्याने शिकावं लागतं.